गोठ्यामागची गाडी : भंगार की ठेवा?



गेली तीस वर्षे मी तुमच्याशी बियाणे, खते, कीड आणि पाणी यांविषयीच बोलत आलो. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. जुन्या अमेरिकन गाड्या शोधायच्या आणि त्या चालत्या ठेवायच्या, असा एक छंद जगात आहे. त्याविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत. ‘साहेब, हे श्रीमंतांचे चोचले आमच्या काय कामाचे?’ असे तुमच्यापैकी कोणी म्हणेल. २०२३ सालच्या उन्हाळ्यापर्यंत मीही तेच म्हणत होतो.

त्या उन्हाळ्यात बार्शीकडच्या आमच्या गावातून धाकट्या भावाचा फोन आला. “दादा, दारात भंगारवाला आलाय. गोठ्यामागची जीप वजनावर मागतोय. देऊन टाकू का?” मी म्हणालो, “दे.” एवढ्यात आईने त्याच्या हातून फोन घेतला. “तुला काय झालं रे दे म्हणायला? तुझी बहीण पोटात होती तेव्हा भर पावसात ओढा ओलांडून याच गाडीनं मला बार्शीला नेलं. बैलगाडी चिखलात जागची हलत नव्हती. मी आहे तोवर ही गाडी हलायची नाही.”

पुढल्याच शनिवारी मी गावी गेलो.

बोल्टावरचे अक्षर

ही जीप वडिलांनी १९७४ साली लष्कराच्या जुन्या गाड्यांच्या लिलावात घेतली होती. १९८१ साली पेट्रोल परवडेना म्हणून तिचे मूळ इंजिन काढून डिझेल इंजिन बसवले. २०१२ साली वडील गेले आणि गाडी जी उभी राहिली ती राहिलीच. अकरा वर्षे ऊन, पाऊस, कोंबड्या आणि उंदीर! फवारणीचा पंप वापरल्यावर धुऊन ठेवा, ट्रॅक्टरचे तेल वेळेवर बदला, असे गावोगाव सांगत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दारात ही स्थिती होती. दोष दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

चिंधीला रॉकेल लावून मी एक बोल्ट पुसला. त्याच्या डोक्यावर इंग्रजी ‘एफ’ अक्षर उमटलेले दिसले. दुसरा पुसला, त्यावरही तेच. माझ्याबरोबर आलेले म्हातारे मिस्त्री हसून म्हणाले, “साहेब, ही फोर्डची जीप आहे. लढाईतली.”

मागाहून मी वाचून काढले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी ही जीप विलीज ओव्हरलँड आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी बनवली. १९४१ ते १९४५ या काळात दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. आराखडा एकच, इंजिनही एकाच घडणीचे. पण फोर्डने आपल्या सुट्या भागांवर ‘एफ’चा ठसा मारला. ज्या गाडीला आम्ही लोखंडाच्या भावाने तोलायला निघालो होतो, तिच्या अंगावर तिचा इतिहास असा कोरलेला होता. पुसून पाहणारा कोणी नव्हता, एवढेच.

अमेरिकेतला शेतकरी आणि त्याची मोटार

या छंदाचे मूळ शेतकऱ्याच्या दारातच आहे. मोटारींचा कारखानदार हेन्री फोर्ड हा मिशिगन राज्यातल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याने १९०८ साली ‘मॉडेल टी’ ही गाडी काढली आणि १९२७ पर्यंत अशा दीड कोट गाड्या बनवल्या. आरंभी ८५० डॉलर असलेली किंमत १९२५ पर्यंत २६० डॉलरवर आली. गाडी जमिनीपासून उंच, म्हणून कच्च्या रस्त्यावर चिखलातूनही निघे. पेट्रोलला पंप नव्हता. ते टाकीतून आपोआप खाली उतरे. त्यामुळे टाकीत पेट्रोल कमी असताना मोठा चढ आला, की लोक गाडी उलटी फिरवून मागच्या बाजूने चढ चढत!

शेतकऱ्यांनी तर तिच्याकडून बैलासारखे काम करून घेतले. मागचे चाक जॅकवर उचलायचे, त्याला पट्टा लावायचा आणि लाकूड कापायची करवत, धान्य दळायची चक्की किंवा पाण्याचा पंप चालवायचा. महायुद्ध संपताच १९४५ साली विलीज कंपनीने जीपही शेतकऱ्यासाठी बाजारात आणली. तिला अवजारांना शक्ती देणारा पी.टी.ओ. जोडता येई. आपल्या ट्रॅक्टरला असतो तसाच.

गाडी म्हातारी झाली, की शेतकरी ती कोठारात लोटून ठेवी. पुढे नातवंडांना ती गवताखाली सापडे. तिकडचे हौशी लोक अशा सापडलेल्या गाडीला ‘बार्न फाइंड’ म्हणतात, म्हणजे कोठारातले घबाड. या हौशी लोकांची संघटना १९३५ पासून आहे. पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी दर ऑक्टोबरात त्यांचा मेळा भरतो. आपल्या बैलबाजारात जसे दात पाहून बैल घेतात, तसे तिथे लोक जुने दिवे, चाके, कार्बोरेटर हातात घेऊन, उलटसुलट पाहून घेतात.

दोन गोष्टी, एक धडा

अमेरिकेतल्याच दोन खऱ्या घटना सांगतो.

नेब्रास्का राज्यात पिअर्स नावाचे दोन हजारांहूनही कमी वस्तीचे गाव आहे. तिथे रे लॅम्ब्रेक्ट आणि त्यांच्या पत्नी यांनी १९४६ ते १९९६ अशी पन्नास वर्षे शेवरोले गाड्यांची पेढी चालवली. न खपलेल्या नव्या गाड्या आणि बदल्यात आलेल्या जुन्या गाड्या त्यांनी विकल्या नाहीत. काही छपराखाली, बऱ्याचशा शेतात ठेवल्या. सप्टेंबर २०१३ मध्ये सुमारे ५०० गाड्यांचा लिलाव झाला, तेव्हा त्या एवढ्याशा गावात दहा हजारांवर माणूस लोटला. १९५८ सालचा, जेमतेम एक मैल चाललेला शेवरोले पिकअप १,४०,००० डॉलरला गेला. तो छपराखाली होता. शेतात उघड्यावर राहिलेल्या गाड्यांतून मात्र झाडे वर आली होती.

दुसरी घटना ओक्लाहोमा राज्यातल्या टल्सा शहराची. तिथल्या लोकांनी १५ जून १९५७ रोजी प्लिमथ कंपनीची कोरी करकरीत गाडी गुंडाळून काँक्रीटच्या तळघरात पुरली. पन्नास वर्षांनी बाहेर काढायची, असा बेत. तेव्हा पेट्रोल मिळेल न मिळेल, म्हणून सोबत पेट्रोलही ठेवले. ठरल्याप्रमाणे २००७ साली हजारो लोकांसमोर तळघर उघडले. आत पाणी शिरलेले आणि गाडी गंजाचा गोळा झालेली!

आपल्याकडे पूर्वी पेवात ज्वारी भरत. पेवाला ओल लागली की काय होते, ते जुन्या माणसांना सांगायला नको. यंत्राचेही तसेच आहे. झाकून ठेवणे म्हणजे निगा राखणे नव्हे. अधूनमधून हात लावला, पाहिले, फिरवले, तरच ते टिकते.

आपल्या मुलखातल्या अमेरिकन गाड्या

अशा गाड्या आपल्याकडे कुठून येणार, असे समजू नका. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शेवरोले गाड्या जोडायला सुरुवात केली. आमच्या सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ पासून कुर्ल्याला क्रायस्लर कंपनीच्या डॉज, प्लिमथ या गाड्या तयार केल्या. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतच विलीज जीपा जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनवल्या. यांतल्या कित्येक गाड्या बागायतदारांच्या, व्यापाऱ्यांच्या, डॉक्टरांच्या दारी आल्या. म्हणून जुन्या वाड्याची पडवी, बंद पडलेली जिनिंग, गुऱ्हाळाचे छप्पर, गोठ्यामागची जागा, इथे नजर टाका. ज्याची गाडी असेल त्याला मात्र तिचे खरे मोल सांगूनच घ्या. अडाण्याला फसवून केलेल्या खरेदीला छंद म्हणत नाहीत.

घेण्यापूर्वी काय पाहावे

बैल घेताना दात, खूर, वशिंड आणि चाल पाहतो, तसे गाडीचेही क्रमाने पाहावे.

पहिली गोष्ट कागद. आर.सी. बुक कोणाच्या नावावर आहे, मालक वारला असल्यास वारस कोण, ते पाहा. चासीवरचा क्रमांक बुकातल्या क्रमांकाशी अक्षरन् अक्षर ताडून घ्या. कागद नसलेली गाडी फुकट मिळाली तरी महाग पडते.

दुसरी गोष्ट गंज. लहान हातोडीने चासी ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. भदभद आवाज आला तर आतून खाल्लेले. पत्र्यावर लोहचुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही, तिथे रंगाखाली लांबी भरलेली आहे असे समजा. पायाखालचा पत्रा आणि कोपरे विशेष पाहा, कारण पाणी तिथे साचते.

तिसरी गोष्ट अस्सलपणा. इंजिन, दिवे, मीटर, चाके मूळची आहेत की बदललेली? बदललेली असली तर मूळ भाग घरात कुठे पडले आहेत का, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना, विशेषतः बायकांना विचारा. हे मी अनुभवाने सांगतो.

आमच्या जीपमधले डिझेल इंजिन पार जाम झाले होते. ‘मूळ पेट्रोल इंजिन गेलेच असेल,’ असे मी मिस्त्रींना म्हणालो. आई ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, “जाईल कुठं? कडब्याच्या छपरात फळीवर ठेवलंय तुझ्या वडिलांनी.” आम्ही कडबा बाजूला केला. तेलकट गोणपाटात गुंडाळलेले, प्लगची भोके लाकडी गुट्ट्यांनी बुजवलेले इंजिन जमिनीपासून हातभर उंच फळीवर बसले होते. मिस्त्रींनी फ्लायव्हीलच्या दात्यांना पहार लावली आणि हलकेच रेटली. इंजिन फिरले!

बेचाळीस वर्षे पडून असलेले इंजिन फिरावे आणि अकरा वर्षे पडलेले जाम व्हावे, याचे मला नवल वाटले. आई म्हणाली, “दर खंडेनवमीला ते प्रत्येक भोकात चमचा चमचा तेल सोडायचे आणि इंजिन चार वेळा फिरवायचे. ते गेल्यावर मी नातवाला हाताशी घेऊन करते. तेल म्हणजे मोटारीचं, गोडं नव्हे!”

मी मान खाली घातली. पीक प्रात्यक्षिके मी शेकडो घेतली. त्यांतले एकही इतके खरे उतरले नव्हते.

जाम झालेले इंजिन

सर्वांच्याच घरी अशी आई असेल असे नाही. इंजिन जाम असेल तर जोर लावू नका आणि गाडी ओढून तर मुळीच चालू करू नका. आतले भाग तुटतील. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा आणि आठ-दहा दिवस मुरू द्या. रोज अलगद, दोन्ही बाजूंना फिरवून पाहा. फिरू लागले की जुने तेल काढून नवे भरा, मगच पुढचे काम.

टाकीतले जुने पेट्रोल पूर्ण काढा. ते चिकट होऊन नळ्या आणि कार्बोरेटर तुंबवते. पेट्रोलच्या टाकीला घरी वेल्डिंग करण्याचा मोह टाळा; रिकाम्या टाकीतली वाफही स्फोट करते. ब्रेकचे रबरी भाग सगळे नवे घाला. आधी गाडी थांबली पाहिजे, चालण्याचे नंतर पाहू. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असते, तेव्हा ती धूळ फुंकून उडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर विसंबू नका, भक्कम लाकडी ठोकळे लावा.

हँडल मारायचे असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे ना, ते पाहा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवा, दांड्याभोवती वळवू नका. हँडल खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये. इंजिनने उलटा झटका दिला तर मनगट मोडते.

एक माझी फजितीही सांगून टाकतो. प्लगच्या वायरी मी एक, दोन, तीन, चार अशा ओळीने लावल्या. हँडल मारताच कार्बोरेटरमधून असा बार निघाला, की गोठ्यातली म्हैस दावे तोडून पळाली. या इंजिनाचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे. पुस्तक आधी वाचावे, हे आम्हा शिकलेल्यांनाही अशा वेळी कळते.

रोजची निगा

गाडी सुरू झाली म्हणजे काम संपले नाही, खरे तर तिथून सुरू झाले.

महिन्यातून एकदा तरी इंजिन चांगले गरम होईपर्यंत चालवा. नुसते दोन मिनिटे चालू करून बंद केल्यास आत ओल धरते. तेल गाडी चालली नाही तरी वर्षातून एकदा बदला. जीपला दर हजार मैलांना सर्व निपलांतून ग्रीस लागते. चिखलात गेली तर लगेच. टायर नक्षीवरून नव्हे, वयावरून पारखा; बाजूला चिरा दिसल्या की काढून टाका. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर ती ठोकळ्यांवर उचला आणि बॅटरीची वायर सोडून ठेवा. अनेक जुन्या गाड्यांची वीजव्यवस्था ६ व्होल्टची असते, तिला १२ व्होल्टची बॅटरी जोडू नका. झाकायला प्लॅस्टिकचा कागद घेऊ नका, आत घाम धरतो. सुती कापड बरे. बियाणे साठवताना उंदरांचा जसा बंदोबस्त करता तसाच इथेही करा. वायरिंगचा खरा वैरी उंदीरच.

आणखी एक. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते आपल्याच उसापासून, मक्यापासून आणि तांदळापासून तयार होते, ही आनंदाची बाब. पण १९४०-५० च्या गाड्यांचे रबर आणि बुचाची गॅस्केटे त्यासाठी केलेली नव्हती. ती मऊ पडून गळतात. शिवाय इथेनॉल हवेतली ओल ओढून घेते. म्हणून इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या घाला आणि टाकीत पेट्रोल महिनोन् महिने ठेवू नका.

कायदा आणि खर्च

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये अशा गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले. ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि मोठे फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षे; फेरनोंदणीला ५,००० रुपये. आधीच नोंद असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी मेळावा, प्रदर्शन, दुरुस्ती किंवा पेट्रोल भरण्यासाठी रस्त्यावर नेता येते. रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने नाही. ‘मूळ स्वरूपात’ या दोन शब्दांसाठीच आम्हाला डिझेल इंजिन काढून पेट्रोल इंजिन परत बसवावे लागले. तुम्ही कोणताही बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ. कचेरीत विचारून घ्या.

खर्चाचे स्पष्ट सांगतो. आमच्या जीपवर आजवर दोन चांगल्या दुभत्या म्हशी आल्या असत्या एवढा पैसा गेला, आणि काम दोन वर्षे चालले. तेही जीपचे बरेच सुटे भाग आज नवे मिळतात म्हणून. डॉज, प्लिमथच्या काचेसाठी किंवा दिव्यासाठी वर्षानुवर्षे शोध घ्यावा लागतो. म्हणून पीककर्जाचा, मुलांच्या शिक्षणाचा किंवा औषधपाण्याचा पैसा यात घालू नका. पुढे मोठी किंमत येईल या आशेनेही करू नका. हौसेला मोल नसते म्हणतात. पण घराला असते. पैसा नसेल तर गाडी नुसती छपराखाली घ्या, कोरडी ठेवा, तेल सोडा आणि थांबा. एवढे केले तरी पुढच्या पिढीसाठी पुष्कळ केले.

खंडेनवमी

गेल्या खंडेनवमीला आम्ही नांगर, कोयता, पंप यांच्या ओळीत जीपही उभी केली. कागदपत्रांचे काम अजून चालू आहे, म्हणून गाडी रस्त्यावर काढली नाही. आपल्याच शेतातल्या वाटेवरून फिरवली. बहीण माहेरी आली होती. आईला पुढे बसवले, बहीण मागे बसली. ओढ्याशी आल्यावर आई म्हणाली, “इथंच चाक रुतलं होतं. त्यांनी खाली उतरून कसलासा दांडा ओढला आणि गाडी निघाली.” बहीण काही बोलली नाही. तिने वाकून नुसता पत्र्यावर हात ठेवला.

परत आल्यावर आईने झेंडूचा हार घातला आणि मला बजावले, “हार वर्षातून एकदा. तेल मात्र वेळच्या वेळी बघ.”

वाचकहो, मला सांगायचे ते आईने सांगून टाकले आहे. तुमच्या गोठ्यामागे, पडवीत, छपराखाली काही जुने यंत्र पडले असेल; गाडी असेल, ऑइल इंजिन असेल, नाहीतर आजोबांचा चरक असेल. भंगारवाल्याचा काटा दारात येण्यापूर्वी एकदा चिंधी घ्या, थोडे रॉकेल घ्या आणि पुसून पाहा. काय लिहिले आहे ते वाचा. मग विकायचे की राखायचे, ते घरातल्या सर्वांनी बसून ठरवा. आणि ते ठरवताना घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा.